नदी ओलांडून आलेले मजूर

संपत्तीच्या उत्पादनास भूमि, श्रम आणि भांडवल हीं तीन साधनें लागतात, हें अर्थशास्त्राचें पहिलें पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. त्यांपैकीं भूमि जागची हलत नाहीं. भांडवल कोणत्याही देशांत जाऊं शकतें आणि बहुतेक ठिकाणीं त्याचें स्वागतच होतें. राहिला श्रम. श्रम हा मजुराच्या देहापासून वेगळा करतां येत नाहीं. तो जावयाचा म्हणजे माणूस जावयाचा, आणि माणूस म्हटला कीं त्याची भाषा, त्याचीं बायकापोरें, त्याचें आजारपण आणि म्हातारपण हीं सर्व त्याच्या पाठोपाठ येतात. या पेचांतून विसाव्या शतकांत अनेक राष्ट्रांना जावें लागलें. परंतु अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीवर तो जितक्या स्पष्टपणें आणि जितका दीर्घकाळ पाहावयास सांपडतो, तितका अन्यत्र क्वचितच सांपडेल. परवान्यावांचून येणाऱ्या मजुरांमुळें देशाचा लाभ होतो कीं हानि, हा प्रश्न तेथें सुमारें शंभर वर्षें विचारला जात आहे; आणि त्याचें उत्तर मळ्याच्या मालकानें दिलें तर एक, शेतांतल्या गड्यानें दिलें तर दुसरें आणि खजिनदारानें दिलें तर तिसरेंच मिळत आलें आहे.

ही सरहद्द सुमारें दोन हजार मैल लांबीची आहे. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहानें आणि १८५३ सालच्या एका जमीनखरेदीच्या करारानें ती ठरली. पूर्वेकडील सुमारें दोनतृतीयांश भागांत रिओ ग्रांदे नदी हीच सीमा आहे. पश्चिमेस वाळवंटांतून ओढलेली नुसती रेघ. एल पासो आणि हुआरेस हीं शहरें नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर वसलेलीं आहेत. पिढ्यान् पिढ्या इकडचे लोक तिकडे आणि तिकडचे इकडे बाजाराला, लग्नाला, कामाला जात येत असत. नदी ओलांडणें म्हणजे गुन्हा, ही कल्पनाच त्या काळीं कोणाच्या डोक्यांत आलेली नव्हती.

ती आली कशी, हें पाहण्यासाठीं सरहद्दीच्या उत्तरेस जी शेती उभी राहिली तिच्याकडे वळलें पाहिजे. लोहमार्ग झाले होतेच. १९०२ च्या कायद्यानें केंद्र सरकारचा पैसा कालव्यांकडे वळला, आणि कॅलिफोर्निया, ॲरिझोना या भागांतील ज्या जमिनींत निवडुंगाखेरीज फारसें कांहीं उगवत नव्हतें, तेथें कापूस, बीट, लेट्यूस, खरबुजें आणि द्राक्षें यांचे मळे पसरूं लागले. या शेतीला मजूर बाराही महिने लागत नाहींत. खुडणीच्या चार आठवड्यांत शंभर माणसें कमी पडतात, आणि हंगाम सरला कीं पांचांनाही पुरेसें काम उरत नाहीं. ज्याचें गांवांत घर आहे आणि ज्याचीं मुलें शाळेंत जातात, असा मनुष्य या मिळकतीवर जगूं शकत नाहीं. मळेवाल्यांस हवा होता तो हंगामाच्या दिवशीं हजर होणारा आणि हंगाम संपतांच दिसेनासा होणारा मजूर. चिनी मजूर तसे होते. त्यांच्यावर १८८२ सालीं बंदी आली. जपानी मजुरांचें येणें १९०७ च्या समझोत्यानें थांबलें. उरले शेजारचे मेक्सिकन.

१९१७ च्या कायद्यानें येणाऱ्या प्रत्येकावर आठ डॉलर कर आणि वाचतां येण्याची परीक्षा लादली गेली. मळेवाल्यांनीं ओरड केली, आणि महायुद्धाच्या निमित्तानें त्याच वर्षीं मेक्सिकन शेतमजुरांना या अटींतून सूट मिळाली. युद्ध संपल्यावर १९२१ सालीं ती सूट गेली. १९२४ च्या कायद्यानें युरोपांतील देशांना संख्येची मर्यादा घालून दिली व आशियाला जवळजवळ दारच बंद केलें. मेक्सिको मात्र त्या मर्यादेबाहेर ठेवण्यांत आला, आणि त्यामागें याच मळेवाल्यांचा आग्रह होता. संख्येला मर्यादा नव्हती, पण कर होता, परीक्षा होती, आणि आतां परवान्याचें शुल्कही होतें. एवढे डॉलर कनवटीला असते तर तो गरीब मनुष्य घर सोडून निघालाच कशाला असता? त्याला नदी स्वस्त पडली. त्याच वर्षीं २८ मे रोजीं सरहद्दीवर पहारेकऱ्यांचें दल स्थापन झालें, आणि १९२९ सालीं परवान्यावांचून आंत येणें हा फौजदारी गुन्हा ठरला. म्हणजे वाट तीच, माणूस तोच आणि मळाही तोच. फक्त त्याचें नांव बदललें.

मेक्सिकोच्या बाजूस परिस्थिति काय होती, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९१० पासून दहा वर्षें त्या देशांत क्रांतीचा वणवा पेटला होता. हासिएन्दा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जहागिरींवर वेठीसारखें राबणारा शेतकरी मोकळा झाला, पण त्याच्या वांट्याला जमीन आली ती बहुधा उशिरा व तुटपुंजी. महाराष्ट्राला या कथेंत एका नांवाची ओळख पटेल. वर्ध्याकडचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे हिंदुस्थानचें दार बंद झाल्यामुळें मेक्सिकोंत राहिले होते; चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत त्यांनीं मक्याच्या जाती सुधारण्याचें काम केलें आणि शेतकऱ्यांसाठीं मोफत शाळा काढण्यांत पुढाकार घेतला. चित्रकार दिएगो रिवेरा यानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिलें आहे. असे प्रयत्न चालूच होते. परंतु मिचोआकान, हालिस्को, ग्वानाह्वातो या प्रांतांतील कोरडवाहू तुकड्यावर कुटुंब पोसणें आणि उत्तरेस जाऊन डॉलरांत मजुरी मिळविणें, यांतील अंतर सुधारलेल्या बियाण्यानें भरून निघण्याजोगें नव्हतें.

१९२९ नंतर मंदी आली. काम नाहींसें होतांच पाहुणा जड झाला. लॉस एंजेलिससारख्या शहरांतून आगगाड्या भरभरून मेक्सिकन कुटुंबें सरहद्दीपलीकडे रवाना करण्यांत आलीं. लाखोंच्या संख्येनें लोक गेले. कांहीं हुकुमानें, कांहीं दडपणानें, कांहीं उपासमारीनें. त्यांत अमेरिकेंतच जन्मलेलीं आणि म्हणून कायद्यानें अमेरिकन नागरिक असलेलीं मुलेंही पुष्कळ होतीं.

१९४१ च्या अखेरीस अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली आणि चित्र पालटलें. तरुण रणांगणावर गेले, उरलेले कारखान्यांत शिरले, आणि उभें पीक खुडावयास मनुष्य मिळेना. दहा वर्षांपूर्वीं ज्यांना गाडींत बसवून घालविलें, त्यांनाच बोलावणें पाठविण्याची वेळ आली. ४ ऑगस्ट १९४२ रोजीं दोन्ही सरकारांत करार झाला. स्पॅनिश भाषेंत बाहूला ‘ब्रासो’ म्हणतात. त्यावरून या करारानें येणाऱ्या मजुरास ‘ब्रासेरो’ हें नांव पडलें. मेक्सिकोच्या सरकारास मागच्या अनुभवानें शहाणपण आलें होतें. जाण्यायेण्याचा खर्च, फुकट निवारा, कराराच्या मुदतींतील तीनचतुर्थांश दिवस कामाची हमी, त्या भागांत चालू असलेली मजुरी, आणि ती कितीही कमी असली तरी तासाला निदान ३० सेंट, अशा अटी त्यानें लिहून घेतल्या. मजुरीचा दहावा हिस्सा कापून ठेवावा व मजूर स्वदेशीं परतल्यावर तो त्यास द्यावा, अशीही एक तरतूद होती. तिचें पुढें काय झालें, तें शेवटीं येईल. हा करार निरनिराळ्या रूपांनीं १९६४ च्या अखेरपर्यंत चालला, आणि त्या काळांत सुमारें ४६ लाख करारपत्रें झालीं. एकच मनुष्य अनेक वेळां जात असे, त्यामुळें माणसांची संख्या याहून बरीच कमी.

टेक्सस संस्थानांत मात्र मेक्सिकोनें आपले मजूर पाठविण्याचें साफ नाकारलें. तेथें मेक्सिकन मनुष्यास कित्येक खाणावळींत आणि न्हाव्याच्या दुकानांत प्रवेश मिळत नसे. मुलांच्या शाळाही वेगळ्या असत. टेक्ससच्या गव्हर्नरनें १९४३ सालीं सलोख्यासाठीं एक मंडळ नेमलें, तरी मेक्सिको बधला नाहीं. वरकरणीं ही टेक्ससच्या मळेवाल्यांना मोठी शिक्षा वाटेल. प्रत्यक्षांत त्यांचें कांहीं अडलें नाहीं. नदी त्यांच्या शेताच्या कडेनेंच वाहत होती. रात्रीं ती पोहून अगर चालून लोक येत, आणि सकाळीं ओल्या कपड्यांनीं कामाला उभे राहत. त्यांना ‘ओल्या पाठीचे’ असें हिणकस नांव पडलें, आणि पुढें तें सरकारी कागदांतही शिरलें.

ब्रासेरो आणि हा ओल्या पाठीचा, दोघेही बहुधा एकाच प्रांतांतले, कित्येकदां एकाच घरचे भाऊ. पण मळेवाल्याच्या वहींत त्यांचे दर वेगळे. ब्रासेरोच्या मागें करारपत्र होतें, सरकारी तपासनीस होता, किमान मजुरी होती. दुसऱ्याच्या मागें कोणी नव्हतें. रिओ ग्रांदेच्या खालच्या खोऱ्यांत त्याला तासाला पाव डॉलर, कधीं त्याहूनही कमी मिळे. आणि मजुरी थकविली तरी तो दाद मागणार कोणाकडे? ज्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणें न्यावयाचें, तोच त्याला पकडणार. करारामुळें चोरटी वाट बंद पडेल अशी अनेकांची अपेक्षा होती. घडलें उलट. करारानें गेलेला मनुष्य गांवीं परतून तिकडच्या मजुरीच्या गोष्टी सांगे. ऐकणाऱ्यांना यादींत नांव घालण्यासाठीं मेक्सिकन अंमलदारांचे हात ओले करावे लागत. ज्याला तें परवडत नसे तो नदीकडे वळे.

यानंतर जें झालें तें सरकारी कारभाराच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९४७ आणि १९४९ सालीं दोन्ही सरकारांनीं ठरविलें कीं, चोरून आलेल्या मजुरांनाच करारपत्रें देऊन कायदेशीर करावें. पकडलेल्या मजुरांस सरहद्दीवर नेत, मेक्सिकोच्या भूमीवर पाऊल टेकावयास लावीत, आणि हातांत कागद देऊन परत आणीत. कित्येकदां ज्या मळ्यांतून उचललें त्याच मळ्यांत. या विधीला अधिकारी आपसांत ‘वाळवणें’ म्हणत. घरोघरच्या गृहिणी उन्हाळ्यांत पापड-सांडग्यांचें वाळवण घालतात, त्यांना हा शब्द कळावयास अडचण पडूं नये. १९४७ ते १९४९ या काळांत मेक्सिकोंतून रीतसर बोलावून आणलेले मजूर होते सुमारें ७४ हजार. आणि अशा रीतीनें ‘वाळविलेले’ होते १ लाख ४२ हजार. ऑक्टोबर १९४८ मध्यें तर मजुरीच्या दरावरून दोन सरकारांत तंटा असतांना एल पासो येथील अमेरिकन अधिकाऱ्यांनीं नाकें उघडून हजारों मजुरांना आंत घेतलें. त्यांना नांवापुरती अटक झाली आणि लगेच मळेवाल्यांच्या ट्रकांत बसवून कापसाच्या शेतांवर धाडण्यांत आलें. मेक्सिकोनें चिडून करारच मोडला. पहारा करणारें सरकार आणि दार उघडणारें सरकार हें एकच होतें, आणि कोणत्या दिवशीं कोणतें रूप घ्यावयाचें हें पिकाच्या तयारीवरून ठरत होतें.

याच वर्षाच्या २८ जानेवारीस सरहद्दीकडे परत पाठविण्यांत येणाऱ्या २८ मेक्सिकन मजुरांचें विमान कॅलिफोर्नियांतील लॉस गातोसच्या दरींत कोसळलें. चौघे विमानावरील अमेरिकन मिळून ३२ जण मेले. वृत्तपत्रांतून चौघांचीं नांवें आलीं. इतरांचा उल्लेख बहुतेक पत्रांत नुसता ‘परत पाठविले जाणारे’ असा झाला. त्या २८ जणांना फ्रेस्नो येथें एकाच खड्ड्यांत पुरलें, आणि त्यांचीं नांवें दगडावर कोरलीं गेलीं तीं २०१३ सालीं.

अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९५० सालीं फिरत्या शेतमजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. त्याचा अहवाल १९५१ मध्यें निघाला. चोरून येणाऱ्या मजुरांचा भरणा जेथें अधिक, तेथेंच शेतमजुरी सर्वांत कमी, असें मंडळास आढळून आलें. आणि या कमी मजुरीचा पहिला फटका बसला तो अमेरिकन नागरिक असलेल्या मेक्सिकन वंशाच्या मजुरांना. खालच्या खोऱ्यांतलीं हीं कुटुंबें पोट भरेना म्हणून मुलाबाळांसह ट्रकांत बसून मिशिगनच्या बीटशेतांपर्यंत हजार-दीड हजार मैल जात. एका परदेशी मजुरानें हटविलेला स्वदेशी मजूर आपल्याच देशांत परदेशी होई. म्हणूनच डॉ. हेक्टर गार्सिया यांनीं १९४८ सालीं स्थापिलेल्या माजी सैनिकांच्या संघटनेनें चोरट्या मजुरीविरुद्ध आवाज उठविला. आपल्याच रक्ताच्या माणसांविरुद्ध ही संघटना बोलते, अशी टीका तिच्यावर झाली. टीका करणाऱ्यांना तासाला पाव डॉलरवर घर चालवावें लागत नव्हतें.

मंडळानें मालकास शिक्षा करण्याची शिफारस केली होती. मार्च १९५२ मध्यें कायदा झाला, त्यांत परवान्यावांचून आलेल्यास आणणें, लपविणें, आसरा देणें हा गंभीर गुन्हा ठरला. पण त्याबरोबरच टेक्ससच्या प्रतिनिधींच्या आग्रहावरून एक वाक्य घालण्यांत आलें कीं, अशा मनुष्यास नोकरीस ठेवणें म्हणजे आसरा देणें नव्हे. दारूबंदींत पिणाऱ्यास तुरुंग आणि गुत्तेवाल्यास अभय, अशांतलाच हा प्रकार. हें एक वाक्य १९८६ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें टिकलें.

जून १९५४ मध्यें निवृत्त सेनापति जोसेफ स्विंग यांच्या हाताखालीं धरपकडीची मोठी मोहीम निघाली. मजुरांना आगगाड्यांतून, बसगाड्यांतून आणि जहाजांतून मेक्सिकोच्या अंतर्भागांत नेऊन सोडलें. नदीच्या कांठावर सोडले तर दुसऱ्या दिवशीं परत येतील, हा अनुभव होता. १९५६ सालीं अशा एका जहाजावर बंड होऊन कांहीं जण समुद्रांत बुडाले. सरकारनें दहा लाखांहून अधिक लोक घालविल्याचें जाहीर केलें. पण त्यांत मोहिमेपूर्वींच्या महिन्यांतले पुष्कळ होते, आणि एकच मनुष्य दोनतीनदां धरला गेला तर तो दोनतीनदां मोजला जाई, म्हणून इतिहासकार हा आंकडा जसाच्या तसा घेत नाहींत. त्यानंतर धरपकडीचे आंकडे एकदम उतरले, हें मात्र खरें. त्याचें श्रेय पहाऱ्यास देण्यापूर्वीं दुसरा एक आंकडा पाहावा लागतो. १९५६ सालीं ब्रासेरोंची संख्या ४ लाख ४५ हजारांवर गेली होती. मळेवाल्यांना दम भरण्यांत आला आणि त्याबरोबरच हवे तेवढे करारी मजूर सुलभतेनें देण्यांत आले. तेच लोक पुढच्या दारानें आंत आले.

पुढचें दार म्हणजे स्वर्ग नव्हे. येणाऱ्या मजुरांस उघडे करून त्यांच्यावर डीडीटीची भुकटी फवारीत. लहान दांड्याच्या खुरप्यानें दिवसभर कंबरेंत वांकून लेट्यूसची विरळणी करावी लागे. त्या खुरप्यानें जन्मभराचे पाठीचे विकार जडत, आणि कॅलिफोर्नियांत तें बंद झालें १९७५ सालीं. एर्नेस्तो गालार्सा या अभ्यासकानें १९५६ मध्यें छावण्या हिंडून दाखवून दिलें कीं, करारांतल्या अटी बहुतांशीं कागदावरच राहिल्या आहेत. १७ सप्टेंबर १९६३ रोजीं चुआलार गांवाजवळ मजूर भरलेली एक मोटार आगगाडीखालीं सांपडून ३२ ब्रासेरो ठार झाले. मालवाहू गाडीवर बांकें ठोकून ती मजुरांची गाडी बनविलेली होती. लोकमत खवळलें, आणि १९६४ संपतांच ब्रासेरोंचा अध्याय संपला.

आतां खरी परीक्षा होती. परदेशी मजूर गेला कीं शेतमजुरी वाढेल आणि अमेरिकन लोक शेतांकडे वळतील, असा कामगार पक्षाचा सिद्धान्त. मजूर गेला कीं पिकें कुजतील आणि भाजी महागेल, असा मळेवाल्यांचा. कामगारमंत्री विलार्ड विर्ट्झ यांनीं १९६५ च्या उन्हाळ्यांत एक गमतीची योजना काढली. माध्यमिक शाळांतील खेळाडू विद्यार्थ्यांना सुट्टींत खुडणीस पाठवावयाचें. तगडीं मुलें, त्यांना काय जड? वीस हजार मुलें जमविण्याचा बेत होता. शेतांत पोंचलीं तीन हजारांच्या आसपास, आणि त्यांतल्याही अनेकांनीं उन्हाचा, जेवणाचा आणि राहण्याच्या जागेचा अनुभव घेऊन मध्येंच घरची वाट धरली. ती योजना पुन्हां कोणी काढली नाहीं.

दोन्ही सिद्धान्त खोटे ठरले, याचें कारण टोमॅटो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रांत जॅक हॅना हे बऱ्याच वर्षांपासून घट्ट सालीचा आणि सगळा एकदमच पिकणारा टोमॅटो तयार करीत होते. त्यांचे सहकारी कोबी लॉरेन्झन यांनीं तो काढण्याचें यंत्र बनविलें होतें. यंत्र तयार असूनही स्वस्त मजूर होता तोंवर तें फारसें कोणी घेत नव्हतें. ब्रासेरो जातांच तीन-चार वर्षांत डबाबंद करण्यासाठीं लागणारा त्या संस्थानांतील जवळजवळ सर्व टोमॅटो यंत्रानें काढला जाऊं लागला. यंत्राची किंमत ज्यांना झेपली नाहीं ते लहान शेतकरी धंद्यांतून गेले. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस व हॅना पोस्टेल या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं जुने दप्तर तपासून प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, जेथें ब्रासेरो पुष्कळ होते आणि जेथें मुळींच नव्हते, अशा संस्थानांतील शेतमजुरीच्या वाढींत कांहीं लक्षणीय फरक पडलाच नाहीं. मालकानें यंत्र घेतलें, पीक बदललें अगर कमी केलें; मजुरी वाढविली नाहीं.

यावरून परदेशी मजुरांमुळें स्थानिक मजुरी कधींच उतरत नाहीं, असें मात्र समजूं नये. १९५० च्या खोऱ्याचा पुरावा वर आलाच आहे. दाद मागण्याचा हक्क नसलेला मजूर आणि कागदावर तरी हक्क असलेला मजूर, यांत हा फरक असावा. अर्थशास्त्रज्ञांचें याविषयीं आजही एकमत नाहीं. १९८० सालीं क्यूबाहून सव्वा लाख लोक होड्यांतून मिआमीच्या बाजूस आले. डेव्हिड कार्ड यांना १९९० मध्यें असें आढळलें कीं, तेथल्या मजुरीवर त्याचा परिणाम जवळजवळ नाहीं. जॉर्ज बोर्हास यांनीं तेच आंकडे वेगळ्या तऱ्हेनें मांडून अशिक्षित कामकऱ्यांची मजुरी बरीच घसरली असा दावा केला. कार्ड यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वाद मिटला नाहीं.

ब्रासेरो गेल्यावर यंत्रास न जुमानणारीं पिकें राहिलीं: लेट्यूस, द्राक्षें, स्ट्रॉबेरी. १९६५ च्या नव्या कायद्यानें पश्चिम गोलार्धांतून येणाऱ्यांस प्रथमच वार्षिक १ लाख २० हजारांची मर्यादा घातली, ती १९६८ पासून अमलांत आली. १९७६ सालीं प्रत्येक देशास वीस हजारांची मर्यादा लागू झाली. म्हणजे वर्षाला लाखों करारी मजूर ज्या वाटेनें येत ती बंद, आणि कायम वास्तव्याची वाटही अरुंद. धरपकडीचा आंकडा १९६४ मध्यें लाखाच्या आंत होता. १९८६ मध्यें तो सोळा लाखांच्या पुढें गेला. द्राक्षमळ्यांतला प्रसिद्ध संप १९६५ सालीं फिलिपिनो मजुरांनीं सुरू केला आणि सेसार चावेस यांच्या संघटनेनें तो पांच वर्षें लढवून जिंकला. पुढच्या संपांत मळेवाले चोरून आलेले मजूर घालून संप फोडूं लागले, तेव्हां याच चावेस यांनीं अशा मजुरांचीं नांवें सरकारास कळविण्याची मोहीम १९७४ मध्यें काढली. स्वतः मेक्सिकन वंशाचा हा पुढारी, अहिंसेच्या बाबतींत गांधीजींचें नांव घेणारा. त्याच्यावर ही वेळ यावी, यावरून त्या स्पर्धेची धार समजते.

१९८६ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें तडजोड झाली. आंत असलेल्या सुमारें २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळालें, आणि ‘जाणूनबुजून’ परवान्यावांचूनचा मजूर ठेवणाऱ्या मालकास दंड आला. ‘जाणूनबुजून’ या शब्दांतच सगळें होतें. बाजारांत खोटीं ओळखपत्रें मिळत, मालक तीं पाही, फाइलीला लावी, आणि जाणण्यापासून स्वतःला वांचवी.

खजिन्याचा हिशेब याहून किचकट आहे. परवान्यावांचून आलेला मजूर वयांत आलेला, कामाच्या उमेदीचा असतो. त्याला वाढविण्याचा खर्च मेक्सिकोंतल्या आईबापांनीं केलेला असतो. खोट्या क्रमांकावर काम करतांना त्याच्या मजुरींतून वृद्धवेतनाचा हप्ता कापला जातो, पण तें वेतन त्याला बहुधा कधींच मिळत नाहीं. अशा मजुरांनीं व त्यांच्या मालकांनीं २०१० या एका वर्षांत वृद्धवेतन-निधींत सुमारें १३०० कोटी डॉलर भरले आणि त्या मानानें फारच थोडे परत घेतले, असा त्या खात्याच्या गणितज्ञांचा अंदाज आहे. उलट शाळा आणि दवाखाने हे संस्थानांनीं व गांवांनीं चालवावयाचे. टेक्ससनें १९७५ सालीं अशा मुलांसाठीं शाळांना पैसा देण्याचें नाकारलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं तो कायदा रद्द केला. १९९७ च्या राष्ट्रीय अकादमीच्या अहवालानें सर्वच परदेशस्थांचा हिशेब करून सांगितलें कीं, केंद्रास लाभ होतो, पण कॅलिफोर्नियांतील स्थानिक कुटुंबावर वर्षाला सरासरी सुमारें ११७८ डॉलरचा भार पडतो. आणि एकूण राष्ट्रास होणारा निव्वळ लाभ वर्षाला १०० ते १००० कोटी डॉलर, म्हणजे एवढ्या प्रचंड अर्थव्यवस्थेंत नगण्य. जमा एका वहींत आणि खर्च दुसऱ्या वहींत पडला, तर भांडण होणारच. १९९४ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं शाळा-दवाखाने बंद करण्याच्या ठरावाला सुमारें ५९ टक्के मतें दिलीं. न्यायालयानें तोही अडविला.

या खर्चाचा एक भाग पहाऱ्यानेंच वाढविला. १९९३ सालीं एल पासो येथें आणि पुढच्या वर्षीं सॅन दिएगो येथें पहारेकऱ्यांच्या रांगा व कुंपणें उभीं राहिलीं. दलाची संख्या चार हजारांवरून पुढें वीस हजारांवर गेली. डग्लस मॅसी व होर्हे दुरांद या अभ्यासकांनीं १९८२ पासून मेक्सिकोच्या गांवोगांव माहिती गोळा केली होती. पूर्वीं मजूर हंगामापुरता येई व परत जाई. आतां वाळवंटांतून जीव धोक्यांत घालून आणि वाटाड्याला मोठी रक्कम देऊन आलेला मनुष्य पुन्हां तो धोका पत्करावयास तयार होईना. तो राहिला, आणि बायकोमुलांनाही त्यानें बोलावून घेतलें. १९९० च्या सुमारास ३५ लाखांच्या घरांत असलेली परवान्यावांचूनच्या सर्व देशांतील लोकांची संख्या २००७ सालीं सुमारें १ कोटी २२ लाख झाली. एकटा आलेला मजूर शाळेचें बांक अडवीत नाहीं, कुटुंब अडवितें.

मेक्सिकोच्या बाजूला डॉलर आले. परदेशांतून घरीं येणाऱ्या पैशाचा ओघ २०२३ सालीं ६००० कोटी डॉलरांच्या पुढें गेला. अर्थात् तो कायदेशीर व बेकायदा अशा सर्वांचा मिळून. खेड्यांत पक्कीं घरें उठलीं, आणि कित्येक घरांत म्हातारीं माणसें व लहान मुलें एवढींच उरलीं.

राहतां राहिली ती दहाव्या हिश्शाची गोष्ट. १९४२ पासून १९४९ पर्यंत ब्रासेरोंच्या मजुरींतून कापलेली रक्कम सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेंतून मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेकडे आणि तेथून शेतकी बँकेकडे गेली. बहुसंख्य मजुरांच्या हातीं ती कधींच पडली नाहीं. कित्येकांना अशी रक्कम कापली जाते हेंही ठाऊक नव्हतें. २००१ सालीं अमेरिकेच्या न्यायालयांत दावा झाला. २००५ मध्यें मेक्सिकोच्या सरकारनें प्रत्येकीं ३८,००० पेसो देण्याचा निधि जाहीर केला. मात्र साठ वर्षांपूर्वींचें करारपत्र किंवा तसाच पुरावा दाखविण्याची अट घातली. ऐंशी ओलांडलेले म्हातारे, आणि जे वारले होते त्यांच्या विधवा, पत्र्याच्या पेटींतून काढलेले विरलेले कागद घेऊन रांगांत उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरीं छप्पर गळलें होतें किंवा उंदीर लागले होते, त्यांना रिकाम्या हातीं परतावें लागलें. रात्रीं नदी उतरून गेलेल्यांचा या निधीशीं कांहीं संबंध आला नाहीं. त्यांच्या मजुरींतून दहावा हिस्सा कोणी कापून ठेवलाच नव्हता.